‘आवाज बारीक कर’ हे बरोबर की चूक?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाच्या घरी नवा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आली आहे. आई ‘आवाज बारीक कर’ म्हणाली की मुलगा तिला दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, बारीकच्या उलट जाड. आवाज ‘कमी’ करतात, ‘बारीक’ नाही. तर बरोबर कोण? आणि जोर व पट्टी सारखी असूनही दोन आवाज ज्या गुणामुळे वेगळे ओळखू येतात, त्याला हाय-फायचे शौकीन ‘टिम्बर’ म्हणतात; त्याला मराठीत शब्द आहे का?

आई बरोबर आहे, अगदी निःसंशय.

‘बारीक’ आपल्याकडे फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ पातळ, सूक्ष्म. पण मराठीत तो केवळ जाडी सांगत राहिला नाही. आपण गॅस बारीक करतो, कंदिलाची वात बारीक करतो, नळ बारीक सोडतो. बारीक ताप असतो, बारीक पाऊस पडत असतो. जोर, झोत, तीव्रता उतरली की ती गोष्ट बारीक झाली. आणि इथे बारीकच्या उलट जाड येत नाही, मोठा येतो: गॅस मोठा कर, आवाज मोठा कर. ‘गॅस जाड कर’ कोणी म्हणत नाही. चावी, कळ किंवा बटण फिरवून जे कमीजास्त करता येतं, अशा अनेक गोष्टींसाठी मराठीने मोठा-बारीक ही जोडी ठेवली आहे. रेडिओ घरात आला तेव्हा त्याचं बटण आपसूक याच कुटुंबात येऊन बसलं.

मुलाची शंका मात्र पोकळ नाही. ‘तिचा आवाज बारीक आहे’ म्हटलं की आपल्याला पातळ, उंच, किनऱ्या अंगाचा आवाज कळतो, आणि इथे उलट शब्द जाड किंवा भरडा हाच. म्हणजे ‘बारीक आवाज’ या दोन शब्दांत दोन अर्थ नांदतात: एक हळू, दुसरा पातळ. शास्त्र हे दोन अर्थ काटेकोरपणे वेगळे ठेवतं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसलेल्यांनी नादाची तीन लक्षणं पाठ केलेली असतात: लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती किंवा गुण. कंपनं किती जोराची यावर लहानमोठेपणा. सेकंदाला किती होतात यावर उच्चनीचता, म्हणजे पट्टी. आणि मूळ स्वराबरोबर कोणते उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत उमटणारे वरचे स्वर, किती प्रमाणात मिसळले आहेत यावर मुख्यतः जाती. एकाच पट्टीत, एकाच जोरात वाजलेली सनई आणि बासरी आपण डोळे मिटून ओळखतो, ती या तिसऱ्या लक्षणामुळे.

कागदावर ही तीन लक्षणं सुटी आहेत. कानात ती सुटी राहत नाहीत, आणि इथे आईचा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी वेगवेगळ्या उंचीचे स्वर लोकांना ऐकवून ते ‘सारखेच मोठे’ कधी वाटतात हे मोजलं आणि 1933 मध्ये त्याचे आलेख प्रसिद्ध केले. पुढे त्या मोजमापांत सुधारणा होत गेल्या, पण मुख्य गोष्ट टिकली: आपला कान सगळ्या स्वरांना सारखा जागा नसतो. साधारण 3000 ते 4000 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात तो सर्वांत तल्लख असतो; खालच्या, खर्जाच्या स्वरांना मंद असतो. आणि आवाज जितका हळू, तितका हा मंदपणा वाढत जातो. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार 1000 हर्ट्झचा स्वर 80 डेसिबलवर (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) वाजत असेल, तर 50 हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटायला सुमारे 22 डेसिबल जास्त लागतात. तोच 1000 हर्ट्झचा स्वर 40 डेसिबलवर आणला, तर हाच फरक सुमारे 38 डेसिबल होतो. व्हॉल्यूमचं बटण मात्र सगळ्या स्वरांना सारखंच खाली ओढतं. परिणामी रात्री आवाज उतरवला की खालचे स्वर कानाला वरच्यांपेक्षा कितीतरी जास्त खाली गेलेले वाटतात.

घरी करून पाहायचं असेल तर तबल्याचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण लावा आणि व्हॉल्यूम सावकाश उतरवत जा. आधी डग्ग्याचा घुमारा जातो. ‘धा’ हळूहळू ‘ना’सारखा ऐकू यायला लागतो. मग डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड, म्हणजे सरकता स्वर, ऐकू येईनाशी होते, आणि शेवटपर्यंत टिकतो तो चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा टणत्कार. तबला तोच, वादक तोच, ध्वनिमुद्रणही तेच. आवाज बारीक केला आणि तो दोन्ही अर्थांनी बारीक झाला: हळूही आणि पातळही. ‘कमी कर’ या शब्दप्रयोगात यातला अर्धाच भाग येतो.

जुन्या ॲम्प्लिफायरांवर ‘लाउडनेस’ असं बटण असे, अजूनही काहींवर असतं. ते याच कारणासाठी. व्हॉल्यूम खाली असताना ते बेस (खालचे स्वर), आणि बहुधा थोडा ट्रेबलही (वरचे स्वर), उचलून धरतं, म्हणजे गेलेला भरीवपणा परत यावा. अडचण अशी की तुमच्या खोलीत प्रत्यक्ष किती डेसिबल पोचतात हे त्या बटणाला ठाऊक नसतं. स्पीकर जास्त संवेदनशील असेल, खोली लहान असेल, तर अंदाज चुकतो आणि बेस अंगावर येतो. यामाहाने आपल्या काही ॲम्प्लिफायरांवर त्याऐवजी फिरवायचं बटण दिलं: आधी तुम्ही ऐकता त्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजावर व्हॉल्यूम लावून ठेवायचा, आणि नंतर आवाज उतरवायचा तो त्या दुसऱ्या बटणाने. मला ही रचना फार समंजस वाटते. प्रश्नकर्त्याच्या ॲम्प्लिफायरवर साधं लाउडनेस बटण असेल, तर ते रात्रीच्या ऐकण्यापुरतं लावावं आणि आवाज मोठा करताना काढून टाकावं.

याची उलट बाजू दुकानात उपयोगी पडते. दोन ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर लागोपाठ ऐकताना एकाचा आवाज अर्ध्या-एक डेसिबलने जरी मोठा असला, तरी कान ‘हा मोठा आहे’ असं सांगत नाही. ‘हा जास्त भरीव, जास्त मोकळा आहे’ असं सांगतो. तुलना करायची तर आधी दोघांची पातळी मीटर लावून सारखी करून घ्यावी, नाहीतर ती तुलना व्यर्थ आहे. वॅटच्या आकड्यांनीही भुलू नये. 50 वॅटऐवजी 100 वॅट म्हणजे फक्त 3 डेसिबलची वाढ. ढोबळमानाने दुप्पट मोठा वाटायला 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

आता टिम्बर. शास्त्रातला शब्द ‘जाती’, आणि गाण्यातले लोक ‘त्याच्या आवाजाची जातच वेगळी’ असं अजूनही सहज म्हणतात. पाठ्यपुस्तकी ‘ध्वनिगुण’ही चालेल, पण बोलताना तो जड जातो. मी ‘पोत’ सुचवेन. गाण्यावर लिहिणाऱ्यांनी ‘आवाजाचा पोत’ कधीच रूढ केला आहे. तो स्पीकरलाही शोभतो आणि ऐकताक्षणी कळतो. नवा शब्द घडवायची काही गरज नाही.

पोताचं वर्णन करणारी विशेषणं तर मराठीत भरपूर आहेत: घोगरा, किनरा, भसाडा, खणखणीत, चिरका, घुमारेदार, पहाडी. यंत्रांसाठीही लोकांनी आपले शब्द केव्हाच तयार केले आहेत. स्पीकर झेपेनासा झाला की आवाज ‘फाटतो’, कॅबिनेट हलकं असलं की ‘डब्यातून’ येतो, तबकडीवर ‘खरखर’ असते. आवाजाचे असे प्रकार पाडण्याची परंपराही आपल्या मातीत जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गाणाऱ्याच्या आवाजाचे खाहुल, नाराट, बोम्बक आणि मिश्रक असे चार भेद आहेत, आणि पहिले तीन कफ, पित्त, वात यांच्याशी जोडलेले आहेत. ते शरीरशास्त्र आज कोणी मानणार नाही. पण आवाजाकडे पोत म्हणून पाहणं त्यात स्पष्ट आहे.

पोताच्या बाबतीत कान काय काय करतो याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण साध्या टेलिफोनचं आहे. जुन्या फोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जाई. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा 100 ते 120 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून येतच नसे. तरीही वडिलांचा फोन आला की तो वडिलांचाच, जाडा आवाज वाटे. उपस्वरांची मांडणी पाहून मेंदू नसलेला मूळ स्वर भरून काढतो. छोट्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज ऐकू येतो तोही असाच. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झची असते. एवढ्या खाली बहुतेक छोटे स्पीकर पोचतच नाहीत. पट्टी कळते, भरीवपणा येत नाही. म्हणजे इथेही आवाज बारीकच, फक्त या वेळी व्हॉल्यूम न उतरवता.

जाता जाता एक संबंधित गैरसमज. ‘ट्रेबल वाढवला की आवाज वरच्या पट्टीत जातो’ असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. तसं होत नाही. काळी पाचात गाणारी गायिका तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, गेली तरी तिचा मूळ स्वर सुमारे 466 हर्ट्झच असतो, आणि ट्रेबलचं बटण मुख्यतः काही हजार हर्ट्झच्या वर काम करतं. ते फिरवल्याने बदलतात ते उपस्वर: ‘स’ आणि ‘श’ची धार, टाळांची चमक, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार. बेसच्या बटणाचंही तेच, तेही पट्टी बदलत नाही. म्हणून मुलाने आईला ‘आवाज बारीक करू की पातळ?’ असं विचारायला हरकत नाही. पहिल्यासाठी व्हॉल्यूम आहे, दुसऱ्यासाठी बेस आणि ट्रेबल. आवाज ‘चढवायचा’ असेल, म्हणजे खरोखर पट्टी वर न्यायची असेल, तर त्यासाठी घरातल्या ॲम्प्लिफायरवर बटणच नसतं.