अमेरिकेत मेडिकेअरसाठी (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) श्रीमंतांवर जादा कर आहे, मग आम्हा दोघांच्या पगारातून तो कापला का गेला नाही?

पगारातून १.४५ टक्के सगळ्यांचेच कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. जोडप्याने एकत्र रिटर्न भरलं आणि मिळून पगार २,५०,००० डॉलरच्या वर गेला, की वरच्या रकमेवर आणखी ०.९ टक्के. कंपनी मात्र तिच्याकडचा पगार २,००,००० ओलांडल्यावरच तो कापते. दोघांना दीड-दीड लाख असतील तर कुणाचाच कापला जात नाही आणि रिटर्नच्या वेळी फॉर्म ८९५९ वर ४५० डॉलर अंगावर येतात. कंपनीला द्यायच्या डब्ल्यू-४ या करकपातीच्या फॉर्ममध्ये आधीच जादा कपात सांगून ठेवा.

ही मर्यादा २०१३ पासून महागाईप्रमाणे वाढवलेलीच नाही, म्हणून ‘श्रीमंतां’त आता नोकरदार जोडपीही सापडतात. गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्के कर वेगळा. त्यालाही मेडिकेअर कर म्हणतात खरं, पण तो पैसा मेडिकेअरच्या निधीत नाही, सर्वसाधारण तिजोरीत जातो.