मेंडोझा हे स्पॅनिश आडनाव मूळचं कुठलं? गोव्यातले मेंडोन्सा त्यांच्यापैकीच का?

तुमच्या मेक्सिकोच्या टीममध्ये तीन मेंडोझा आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही, मग हे आडनाव आलं कुठून, असं तुम्ही विचारलंय. जोडीला गोव्याचा प्रश्न. तर गोव्यातलं मेंडोन्सा हे याच आडनावाचं पोर्तुगीज रूप आहे. पण आडनाव एक म्हणून घराणं एक, असं मात्र अजिबात समजू नका. या आडनावाइतकी रक्ताच्या नात्याशिवाय पसरलेली आडनावं थोडीच असतील.

मुळात हे गावाचं नाव. उत्तर स्पेनमध्ये, बास्क मुलखातल्या आलावा प्रांतात, व्हिटोरिया शहराच्या पश्चिमेला मेंडोझा नावाचं खेडं आजही आहे आणि या घराण्याची मध्ययुगीन दगडी गढीही तिथे उभी आहे. बास्क भाषेत मेंदी म्हणजे डोंगर आणि होत्स म्हणजे थंड, अशी नावाची फोड करतात. आपल्याकडच्या ‘कर’वाल्या आडनावांसारखंच झालं: गाव सुटलं आणि नावाला चिकटलं. त्याच मुलखात या मेंडोझांचं गेवारा घराण्याशी पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर होतं. गेवारा हेही आलावातलंच एक गाव. चे गेवाराचं आडनाव तिथलं!

१३३२ मध्ये आलावा कॅस्टिलच्या (मध्य स्पेनमधलं तेव्हाचं बलाढ्य राज्य) राजाच्या अंमलाखाली आलं आणि मेंडोझा मंडळी दक्षिणेला, माद्रिदजवळच्या ग्वादालाहारात येऊन बसली. त्यांचं नशीब फळफळलं ते इथे. १३८५ मध्ये आल्जुबारोटाच्या लढाईत पोर्तुगिजांनी कॅस्टिलचा धुव्वा उडवला. तेव्हा पेद्रो गोन्सालेस दे मेंडोझाने आपला घोडा कॅस्टिलच्या राजाला देऊन त्याला निसटून जाऊ दिलं आणि स्वतः मागे राहिला, अशी कथा आहे. घोड्याचं राहू द्या, पण तो त्या लढाईत पडला हे नक्की. त्याचा नातू सांतिल्यानाचा मार्किस (ही सरदारकीची पदवी; १३९८–१४५८), स्पॅनिशमध्ये पहिल्यांदा सुनीतं लिहिणारा कवी. आणि या कवीचा मुलगा म्हणजे कार्डिनल मेंडोझा, कॅथलिक चर्चचा बडा धर्माधिकारी आणि कॅस्टिलच्या इसाबेला राणीचा उजवा हात. लोक त्याला ‘स्पेनचा तिसरा राजा’ म्हणत. कार्डिनल असून, म्हणजे लग्न वर्ज्य असूनही, त्याला तीन मुलगे होते आणि ते त्याने उजळ माथ्याने औरस ठरवून घेतले. डोळ्यावर काळी पट्टी बांधलेलं जिचं चित्र प्रसिद्ध आहे, ती एबोलीची प्रिन्सेस (ही सरदारकीची पदवी) आना दे मेंडोझा या कार्डिनलची पणती. स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याने तिला १५७९ मध्ये कैदेत टाकलं ते १५९२ मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वंशावळ वाचताना डोकं धरून बसाल. त्या काळी स्पेनमध्ये बापाचंच आडनाव लावायचं असा नियम नव्हता. आईचं, आजीचं, ज्याच्याकडून वारसा मिळणार त्याचं, कुठलंही चालायचं. शिवाय मेंडोझांकडे ‘इन्यिगो लोपेस’, ‘दिएगो उर्तादो’, ‘पेद्रो गोन्सालेस’ अशी ठरलेली नावं होती आणि तीच पिढ्यानपिढ्या फिरवायचे. १४९२ मध्ये स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानादा पडल्यावर तिथल्या आलांब्रा किल्ल्याचा पहिला किल्लेदार झालेल्या इन्यिगो लोपेस दे मेंडोझाची पोरं बघा. एक आंतोनियो दे मेंडोझा. दुसरा दिएगो उर्तादो दे मेंडोझा, कवी आणि मुत्सद्दी. आणि त्यांची सख्खी बहीण मारिया पाचेको! तिने आईचं आडनाव लावलं. हीच ती मारिया, जिचा नवरा हुआन दे पादिया राजाविरुद्धच्या बंडात १५२१ मध्ये मारला गेला, आणि त्यानंतर जिने कित्येक महिने तोलेदो शहर लढवलं. भाऊ राजाच्या बाजूला, बहीण बंडखोर, आणि आडनावावरून बघाल तर यांचा संबंधच नाही. माझ्या मते अख्ख्या घराण्यात खरी बघण्यासारखी बाई तीच.

तिचा भाऊ आंतोनियो १५३५ मध्ये मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय झाला. अॅझ्टेक लोकांच्या इतिहासाची आणि खंडणीची जी चित्रपोथी आज ऑक्सफर्डमध्ये आहे, तिला त्याच्यावरूनच कोडेक्स मेंडोझा म्हणतात. दुसऱ्या एका पेद्रो दे मेंडोझाने १५३६ मध्ये ब्युनॉस आयर्सची पहिली वसाहत वसवली. अर्जेंटिनातलं वाइनसाठी नावाजलेलं मेंडोझा शहर १५६१ मधलं. ते तेव्हाचा चिलीचा गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेंडोझा याच्या नावाचं.

तुमचे तीन सहकारी बहुधा या सरदारांपैकी कोणाचेच वंशज नसतील. अमेरिकेत बाप्तिस्मा झालेल्या स्थानिक लोकांना धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळचा गॉडफादर), मालकाचं किंवा एखाद्या बड्या अधिकाऱ्याचं आडनाव मिळायचं, आणि व्हाइसरॉयच्या आडनावाहून बडं कुठलं असणार? फिलिपीन्समध्ये तर १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरियाने आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली. तिथेही मेंडोझा पोत्याने आहेत. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांतही हे आडनाव सापडतं. लंडनचा मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा (१७६४–१८३६) त्यांच्यातला. नुसते ठोसे देत-घेत उभं राहण्याऐवजी चपळाईने सरकून वार चुकवायचं तंत्र त्याने रुजवलं आणि आपल्याहून धिप्पाड गड्यांना लोळवून इंग्लंडचा चॅम्पियन झाला. १७९५ मध्ये हरला तो जॉन जॅक्सनकडून, आणि जॅक्सनने त्याचे लांब केस मुठीत धरून त्याला बडवलं होतं. तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं म्हणे! हल्लीच्यांपैकी बार्सिलोनाचे कादंबरीकार एदुआर्दो मेंडोझा यांना २०१६ चा सर्व्हान्तेस हा स्पॅनिश साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला.

आता गोवा. स्पॅनिश उर्तादो दे मेंडोझाचं पोर्तुगीज रूप फुर्तादो दे मेंडोन्सा. या नावाचा माणूस आपल्या किनाऱ्यावर खरोखर येऊन गेलाय. आंद्रे फुर्तादो दे मेंडोन्साने १६०० मध्ये मलबारचा आरमारी सरदार कुंजाली मरक्कार (चौथा) याचा किल्ला घेतला, त्याला गोव्यात आणलं आणि तिथे त्याला देहदंड झाला. १६०९ मध्ये हाच आंद्रे काही महिने गोव्यात गव्हर्नर होता. पण गोव्यातले आणि वसईतले मेंडोन्सा किंवा फुर्तादो याचे वंशज, असं म्हणायला आधार नाही. तिथेही बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव लागायचं, त्यामुळे एका गावातल्या एकमेकांशी संबंध नसलेल्या कुटुंबांनाही एकच आडनाव मिळून जाई. त्यांची जुनी ओळख शोधायची तर आडनावापेक्षा मूळ गाव विचारलेलं बरं.

उच्चाराचंही सांगतो, कारण मीटिंगमध्ये लागेल. ‘मेंडोझा’ हे आपण इंग्रजीवरून उचललंय. मेक्सिकोत ते ‘मेंदोसा’, माद्रिदमध्ये ‘मेंदोथा’. आणि तिघांतल्या कोणाला कोणत्या नावाने ईमेलमध्ये ओळखायचं असा घोळ होत असेल तर त्यांचं दुसरं आडनाव विचारा. मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांकडचं आणि मग आईकडचं, आणि ते विचारलेलं कोणाला खटकत नाही.