वाचकांचे प्रश्न : आउटबोर्ड इंजिन कोणत्या कंपनीचं घ्यावं?

प्रश्न : साडेपाच मीटर लांबीच्या फायबरच्या होडीसाठी ६० हॉर्सपॉवरचं नवीन चार-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर टांगायचं, इंजिन घ्यायचं आहे. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी आणि होंडा असे चार पर्याय समोर आहेत. ज्याला विचारावं तो आपल्याच इंजिनाचं कौतुक करतो. होडीत बहुतेक वेळा पाच माणसं आणि बरंच सामान असतं, पाणी खारं. आपण कोणतं सुचवाल?

उत्तर : चारही इंजिनं चांगली आहेत. कागदावर ती एकमेकांच्या अगदी जवळ आहेत : यामाहा ९९६ सीसी, मर्क्युरी ९९५, होंडा ९९८ आणि सुझुकी ९४१. एवढ्या फरकावरून निवड करू नका.

सगळ्यात आधी हे बघा, की हे इंजिन उघडू शकणारा मेकॅनिक तुमच्या धक्क्यापासून किती दूर आहे. विक्रेत्याकडे जा आणि नावं घेऊन सुटे भाग मागा : इम्पेलरचं (थंड करणारं पाणी वर खेचणाऱ्या रबरी चकतीचं) किट, थर्मोस्टॅट, इंधनाचा फिल्टर, गिअरकेसचे (पंख्यापाशी असलेल्या गिअरच्या पेटीचे) सील, पंख्याचं (प्रोपेलरचं) हब. हे पाच भाग त्याने तिथल्या तिथे फळीवरून काढून दाखवले तर त्या कंपनीचा विचार पुढे न्या. ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर ऐन हंगामात तुमची होडी एका रबरी चकतीसाठी उभी राहील. दुसरं म्हणजे, त्या कंपनीच्या इंजिनातले दोष वाचणारी केबल आणि प्रोग्रॅम त्याच्याकडे आहे का, तेही विचारा. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या इंजिनांत अलार्म वाजला की नुसत्या पान्याने निदान होत नाही.

या कसोटीवर दोन-तीन कंपन्या टिकल्या तर मग तांत्रिक फरकांकडे वळा. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक जाहिरातीत ठळक दिसत नाही. तो म्हणजे गिअरचं प्रमाण, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचा क्रँक किती फेरे घेतो. मर्क्युरीच्या साध्या ६० मध्ये ते १.८३ ला १ आहे, सुझुकीच्या ६० मध्ये २.२७ ला १. सुझुकीत क्रँकची गती दोन टप्प्यांत कमी होते, त्यामुळे पंखा सावकाश फिरतो आणि मोठ्या व्यासाचा पंखा लावता येतो. भरलेली होडी पाण्यावर उचलायला हाच मोठा पंखा कामी येतो. मर्क्युरीत तुम्हाला हे हवं असेल तर कमांड थ्रस्ट नावाचं मॉडेल मागा, त्याची गिअरकेस मोठी आणि प्रमाण २.३३ आहे. यामाहात त्याच धर्तीचं मॉडेल एफ ऐवजी टी अक्षराने सुरू होतं.

यामुळेच एका कंपनीच्या पंख्याचा पिच (घसरण नसेल तर पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाईल तो आकडा) दुसऱ्या कंपनीच्या पिचशी ताडून बघण्यात अर्थ नाही. हिशेब सोपा आहे : आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) पिचच्या इंचांनी गुणा, गिअरच्या प्रमाणाने भागा, मग १२१५ ने भागा. उत्तर नॉटमध्ये मिळतं. ५६०० आरपीएमला १३ इंची पिचचा पंखा १.८३ च्या इंजिनावर ३२.७ नॉट देतो, २.२७ च्या इंजिनावर २६.४. ही झाली घसरण न धरता काढलेली गती. पाण्यात पंखा घसरतो, त्यासाठी यातून १० ते २० टक्के वजा करा.

वजनातही फरक आहे. सुझुकी साधारण १०४ किलो, मर्क्युरी ११२ आणि मोठ्या गिअरकेससह ११८ च्या आसपास. मागची फळी जुनी किंवा बुटकी असेल तर दहा-बारा किलोसुद्धा मोजा. बसणारा माणूसही मागेच असतो, टाकीही मागेच असते.

व्हॉल्व्ह चालवायला सुझुकीने तेलात बुडालेली साखळी वापरली आहे, तर यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत पट्टा आहे. पट्टा वाईट नसतो, पण तो ठरलेल्या तासांना तपासावा आणि बदलावा लागतो. हा खर्च आणि हे काम आधीच धरून चाला.

तुमचा भार ऐकून आमचा कल पंखा सावकाश फिरवणाऱ्या, म्हणजे मोठ्या प्रमाणाच्या गिअरकडे आहे. म्हणजे सुझुकी, नाहीतर कमांड थ्रस्ट, नाहीतर यामाहाचं टी मॉडेल. यांपैकी ज्याचा मेकॅनिक जवळ, ते घ्या. होंडाचा मेकॅनिक शेजारी असेल आणि बाकीचे तीन लांब, तर होंडा घ्या आणि पिच कमी ठेवा.

प्रश्न : मर्क्युरीचं छोटं इंजिन म्हणजे तोहात्सूच, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी. मर्क्युरीची कित्येक छोटी चार-स्ट्रोक इंजिनं जपानमध्ये तोहात्सूने बनवलेली आहेत, त्यामुळे आतले पुष्कळ भाग एकच असतात. आणखी एक लक्षात घ्या. तोहात्सूची ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरची इंजिनं एकाच १२३ सीसीच्या सिलिंडरवर बांधलेली आहेत आणि त्यांच्या वजनात नाव घेण्यासारखा फरक नाही. नियम आड येत नसेल तर ४ घेण्यात काही वाचत नाही, सरळ ६ घ्या.

प्रश्न : इंजिनाचा शॉर्ट (आखूड) शाफ्ट घ्यावा की लाँग (लांब)?

उत्तर : अंदाज करू नका, मोजा. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून, अगदी मध्यावर, बुडाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत सरळ उभं माप घ्या. ३८ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर १५ इंची शाफ्ट, ५१ आलं तर २० इंची, ६३ आलं तर २५ इंची. बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी प्लेट बुडाच्या रेषेत किंवा त्याखाली एखादा इंच असावी. शाफ्ट आखूड पडला तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि थंड होण्यासाठी लागणारं पाणी तुटतं. लांब पडला तर ओढ वाढते आणि पाण्याचे फवारे आत येतात. चुकीच्या शाफ्टचं इंजिन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

प्रश्न : थेट इंजेक्शनचं जुनं टू-स्ट्रोक एव्हिनरूड कमी किमतीत मिळतंय. मालक म्हणतो, फार चाललेलं नाही. घ्यावं का?

उत्तर : एव्हिनरूड बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन थांबवलं. इंजिन ताकदीचं आहे आणि भाग अजून मिळतात, पण थेट इंजेक्शनच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरची स्वतःची माहिती कंट्रोल युनिटमध्ये भरावी लागते. इंजेक्टर बदलला आणि ती माहिती भरली नाही तर मिश्रण बिघडतं आणि पिस्टन जळू शकतो. त्या इंजिनाचा जाणता मेकॅनिक लॅपटॉपसह जवळ नसेल तर नाद सोडा.

मेकॅनिक असेल तर त्याच्याकडूनच कंट्रोल युनिटमधले तास आणि जुने दोष वाचून घ्या. मालकाच्या शब्दापेक्षा ते खात्रीचं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब : सगळे प्लग काढा, प्रज्वलन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडर मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा, तो १० टक्क्यांहून जास्त नसावा. गिअर ऑइलसाठी इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी गिअरकेसचा खालचा स्क्रू थोडासाच सैल करा. तेलात पाणी असेल तर ते खाली बसलेलं असतं, आधी तेच टपकतं. तेल दुधाळ असेल तर सील गेले आहेत, आणि ते किती दिवसांपासून गेलेत हे बेअरिंग उघडल्याशिवाय कळत नाही. थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती पांढरी भुकटी आणि रंगाला फुगे दिसले तर इंजिन खाऱ्या पाण्यानंतर धुतलेलं नाही.

प्रश्न : नवीन इंजिन पूर्ण थ्रॉटलला ४९०० आरपीएमच्या वर जातच नाही. पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिलंय. कंपनी बदलायला हवी होती का?

उत्तर : कंपनीचा यात बहुधा काही दोष नाही. थ्रॉटलची केबल इंजिनापाशी खरोखर पूर्ण उघडते का, ते झाकण काढून डोळ्यांनी बघा. बुडाला शिंपले धरले असतील तर खरवडा. हे दोन्ही ठीक असेल तर पंखा जड आहे. पिच १ इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे २ इंच कमी केल्यावर तुम्ही ५२०० ते ५३०० वर याल. नेहमीच्या भाराने ५६०० च्या पुढे जायला हवं, म्हणून ४ इंच कमी पिचचा पंखाही मागून लावून बघा. विकत घेण्याआधी पंखे बदलून बघू देणारा विक्रेता हाताशी असणं हेही कंपनी निवडण्याचं चांगलं कारण आहे. आहे तसंच चालवत राहू नका. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटल्यासारखं ते आहे : सिलिंडर तापतात, कार्बन साचतो आणि बेअरिंगवर ताण येतो.

प्रश्न : इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली आहे. इम्पेलर बदलायचाय. स्वतः करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी धारेचं भोक बघा. त्यात मीठ किंवा माती अडकलेली असते. गळाच्या जाड नायलॉन दोरीचा तुकडा आत सरकवा, तार घालू नका. तरी धार सुधारली नाही तर खालचा भाग उतरवा. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील तर तो गेला. एखादं पातं तुटलेलं असेल तर तुकडा सापडेपर्यंत शोधत राहा, तो वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी असतो आणि नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापवतो. नवा इम्पेलर साबणाच्या पाण्याने ओला करा आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पंपाच्या घराचं झाकण खाली बसवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. शाफ्टच्या दात्यांना समुद्री ग्रीस लावा, पण वरच्या टोकाच्या सपाट भागावर ग्रीस ठेवू नका. तिथलं ग्रीस दाबलं जाऊन शाफ्ट पूर्ण आत बसू देत नाही आणि बोल्ट आवळले की क्रँकवर जोर येतो. परत चढवताना गिअर पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत आहे ना आणि पाण्याची नळी आपल्या रबरात नीट शिरली ना, हे टॉर्च घेऊन बघा. नंतर पाणी जोडल्याशिवाय इंजिन सुरू करून बघू नका, कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो.