ट्रूप पोरं चालवतात, मग मोठ्यांनी करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा ना, की इथे अमेरिकेत मुलगा कब स्काउटमधून (लहान मुलांचा स्काउट गट) नुकताच ट्रूपमध्ये (साधारण अकरा वर्षांपासूनच्या मुलांचं स्काउट पथक) गेला, पहिल्या दोन-तीन मीटिंगमध्ये तुम्हाला नुसता गोंधळ दिसला, तेरा-चौदा वर्षांची पोरं पुढे उभी राहून ओरडतायत आणि मोठी माणसं मागे भिंतीला टेकून उभी, आणि त्यातच आता जुन्या कमिटी चेअरचा (ट्रूपच्या मोठ्यांच्या कमिटीचे अध्यक्ष) मुलगा अठराचा होतोय म्हणून ते पद तुम्हाला विचारलंय. हो म्हणावं का, आणि ह्या सगळ्याचा बॉस नक्की कोण. मी आमच्या ट्रूपच्या कमिटीत बरीच वर्षं होते, नंतर मुलगी मुलींच्या ट्रूपमध्ये गेली तेव्हा तिथे असिस्टंट स्काउटमास्टर (स्काउटमास्टर म्हणजे मुलांबरोबर काम करणारा मुख्य मोठा लीडर, त्याची मदतनीस) झाले, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. उत्तर मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या गोंधळाबद्दल, कारण आपल्या पालकांना खरी अडचण तिथेच होते. मी महाराष्ट्रात शाळेत गाईडमध्ये होते, स्कार्फ, शिट्टी, २६ जानेवारीचं संचलन, आणि सगळं बाई सांगतील तसं. तिकडे भारत स्काउट्स अँड गाईड्सचं काम बहुतेक ठिकाणी शाळेतूनच चालतं त्यामुळे लीडर म्हणजे आपले वर्गावरचे सर किंवा बाई, आणि ती सवय घेऊन आपण इकडे येतो. कब स्काउटमध्येही डेन लीडर, कबमास्टर हे पालकच सगळं करतात त्यामुळे तोपर्यंत फरक कळत नाही. ट्रूपमध्ये अकराव्या वर्षी मूल आलं की मात्र गाडीची किल्ली पोरांच्या हातात जाते. सहा ते आठ मुलांचा एक पेट्रोल, त्याचा पेट्रोल लीडर त्या मुलांनीच निवडलेला, आणि सगळ्या ट्रूपने मत देऊन निवडलेला सिनियर पेट्रोल लीडर, ज्याला सगळे एसपीएल म्हणतात. एसपीएल स्वतःचा असिस्टंट नेमतो, मग क्वार्टरमास्टर म्हणजे तंबू-स्टोव्ह सांभाळणारा, स्क्राइब म्हणजे हजेरी आणि टिपणं ठेवणारा, नव्या मुलांना शिकवायला ट्रूप गाईड, ही सगळी पदं मुलांची. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हाही वीस मुलांचे चार पेट्रोल करून प्रत्येकावर एक मुलगाच नेमला होता, म्हणजे ही पद्धत अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

तेव्हा चौदा वर्षांचा एसपीएल तीस जणांना शांत करायला पाच मिनिटं घेतोय आणि स्काउटमास्टर मागे गप्प उभाय, हे चांगल्या ट्रूपचं लक्षण असू शकतं. असू शकतं म्हणतेय, कारण कधीकधी तो खरंच नुसता गोंधळच असतो. फरक कसा ओळखायचा तर मीटिंग संपल्यावर बघा, स्काउटमास्टर एसपीएलला बाजूला घेऊन (इतरांना दिसेल अशा जागीच) दहा मिनिटं बोलतो का, आज काय जमलं, काय फसलं, पुढच्या आठवड्यात काय वेगळं करशील. ते बोलणं होत असेल तर ट्रूप ठीक आहे, आणि होत नसेल तर पोरांना नुसतं सोडून दिलंय. तसंच महिन्यातून एकदा पेट्रोल लीडर्स कौन्सिल होतं का बघा, पीएलसी. ती मीटिंग एसपीएल चालवतो, पुढच्या महिन्याच्या मीटिंगा आणि कॅम्पआउट तिथे ठरतात, आणि स्काउटमास्टर तिथे फक्त सल्ला द्यायला बसतो. ट्रूपचा कार्यक्रम मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरत असेल आणि पीएलसी नावालाच असेल तर तुमच्या पदाचं पहिलं काम तेच.

आता बॉस कोण. कागदोपत्री ट्रूपची मालक असते चार्टर्ड ऑर्गनायझेशन, म्हणजे चर्च, मंदिर, शाळेची पालक संघटना, लायन्स, रोटरी, जे कोणी असेल ते. दरवर्षी चार्टर (ट्रूप चालवायची परवानगी) रिन्यू होतो, त्यांचा एक प्रतिनिधी असतो आणि कोणीही मोठा माणूस लीडर म्हणून घ्यायचा तर त्यांची मंजुरी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं चर्चने फक्त हॉल दिलाय. त्या प्रतिनिधीला एकदा प्रत्यक्ष भेटा. त्याच्या खाली दोन वेगळे हात. एक स्काउटमास्टर आणि त्याचे असिस्टंट, हे मुलांबरोबर काम करतात, त्यांना शिकवतात, कॅम्पला जातात. दुसरा हात म्हणजे कमिटी, चेअर धरून कमीत कमी तीन जण, ज्यात खजिनदार, सेक्रेटरी, ॲडव्हान्समेंट म्हणजे मुलांच्या रँक-बॅजची प्रगती बघणारा, आउटिंगच्या परवानग्या-बुकिंग बघणारा असे लोक. मंडळाच्या नाटकात जसा दिग्दर्शक वेगळा आणि हॉल, तिकिटं, हिशोब बघणारे वेगळे, तसंच. कमिटी चेअर, स्काउटमास्टर आणि चार्टरचा प्रतिनिधी ह्या तिघांना की थ्री म्हणतात आणि ह्या तिघांचं आपसात पटत असेल तर बाकी सगळं निभतं. पटत नसेल तर मुलांनाही ते दोन महिन्यांत कळतं.

कमिटी चेअरने कार्यक्रम ठरवायचा नाही, हे आधी पक्कं डोक्यात घाला. मुलांनी उन्हाळ्यात बसून वर्षाचं कॅलेंडर करायचं, ऑक्टोबरमध्ये कयाक, जानेवारीत केबिन, आणि कमिटीने विचारायचं की ह्याला पैसे किती, गाड्या किती, प्रशिक्षित माणसं आहेत का. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगून नाही म्हणायचं आणि मुलांकडे परत पाठवायचं, आपणच बदलून टाकायचं नाही.

आणि ह्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे न करणं. जेवणाचंच घ्या. कॅम्पआउटला प्रत्येक पेट्रोल आपला मेन्यू ठरवतो, एक मुलगा त्या वेळचा ग्रबमास्टर, त्याने माणशी ठरलेल्या पैशात दुकानातून सामान आणायचं आणि पेट्रोलने शिजवायचं. आपली मुलं असली की पहिला प्रश्न येतो शाकाहाराचा. इथे आई-बाबा लगेच स्काउटमास्टरला लांबलचक ईमेल लिहितात. तसं करू नका. मुलाला सांगा की मेन्यू ठरताना तूच पेट्रोलला सांग, मी बीफ खात नाही, किंवा मी नॉनव्हेज खात नाही, आणि मग काय करता येईल ते सुचव पण. आमच्या ट्रूपमध्ये एका पोराने असंच सांगून सगळ्या पेट्रोलला राजमा-टॉर्टियावर आणलं आणि पुढे तो त्या पेट्रोलचा ठरलेला पदार्थ झाला. पहिल्या कॅम्पला जेवण करपतं, भात कच्चा राहतो, रात्री साडेनऊला जेवतात, आणि आपण पन्नास फुटांवर मोठ्यांच्या चुलीपाशी बसून बघत असतो, हात शिवशिवतात. उठायचं नाही. कोणी भाजत नाहीये ना, कच्चं चिकन खात नाहीयेत ना, पाणी पुरेसं पितायत ना, एवढंच बघायचं. पुढच्या महिन्यात तीच मुलं आधी पाणी उकळत ठेवतात. ॲलर्जी आणि औषधं हा मात्र वेगळा विषय, ते मुलावर सोडायचं नाही, ते लीडरला लेखी कळवायचंच.

सॅक सुद्धा मुलालाच भरू द्या. आई भरून देते आणि मग अंधारात पोराला टॉर्च कुठल्या खणात आहे ते माहीत नसतं. आणि चिवडा-लाडूचा डबा तंबूत ठेवायचा नाही, अस्वलांच्या भागात तर अजिबातच नाही, जे जे वासाचं ते सगळं, टूथपेस्टसकट, बाहेर ठरलेल्या जागी. नव्या पालकांना हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

जिथे मोठ्यांनी एक इंचही मागे सरायचं नाही ती जागा म्हणजे मुलांची सुरक्षितता. कुठल्याही ॲक्टिव्हिटीला एकवीस वर्षांवरचे किमान दोन रजिस्टर्ड लीडर, मुली असतील तर त्यातली एक बाई असायलाच हवी. एका मुलाशी एका मोठ्याने एकांतात राहायचं नाही, फोनवर किंवा मेसेजवर सुद्धा नाही, दुसरा मोठा किंवा पालक कॉपीत हवाच. ट्रूपमध्ये मोठ्यांचे तंबू वेगळे, मुलांचे वेगळे, स्वतःच्या मुलाबरोबरही नाही. सप्टेंबर २०२३ पासून रात्री मुक्कामाला राहणारा प्रत्येक मोठा रजिस्टर्ड लागतो, त्यामुळे 'मी फक्त एका रात्रीसाठी येतो' हे आता चालत नाही. आपल्यातले काही बाबा ह्यावर नाराज होतात, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. त्यांना शांतपणे सांगा की ह्याच संघटनेवर (बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका, आताचं नाव स्काउटिंग अमेरिका) लहानपणी अत्याचार झाल्याचे ८२ हजारांवर दावे आले, २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली, आणि २०२३ मध्ये जवळजवळ अडीच अब्ज डॉलरची भरपाई योजना लागू झाली. त्या हजारो मुलांच्या बाबतीतही आसपास ओळखीची, विश्वासातलीच माणसं होती. म्हणून नियम सगळ्यांना सारखा, स्काउटमास्टरला सुद्धा आणि तुम्हाला सुद्धा. कोणी मोठा ह्यात पळवाटा शोधत असेल, अगदी सोयीसाठी म्हणून का होईना, तर चेअर म्हणून त्याला थांबवणं हे तुमचं काम, आणि तो अवघड प्रसंग असतो हे मान्य, तरी थांबवायचं.

ह्यातच हेल्थ फॉर्म आला. ए आणि बी भाग सगळ्यांना, ७२ तासांहून मोठ्या कॅम्पला डॉक्टरच्या सहीचा सी भाग. समर कॅम्पच्या आदल्या आठवड्यात दहा घरांत डॉक्टरची अपॉइंटमेंट शोधायची धावपळ होते, म्हणून मार्चपासूनच मागे लागा.

आता ईगल, म्हणजे स्काउटची सगळ्यात वरची रँक. ह्या विषयावर मी जरा जास्तच बोलते पण बोलणं गरजेचं आहे. स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि मग ईगल, त्यासाठी एकूण २१ मेरिट बॅज (एकेक विषय शिकून मिळणारे), नेतृत्वाचं पद, आणि एक सेवा प्रकल्प ज्यात मुलगा दुसऱ्यांना कामाला लावतो, हे सगळं अठरावा वाढदिवस यायच्या आत. आपल्या लोकांत हे कॉलेजच्या अर्जाचं एक खातं होऊन बसतं. चौदाव्या वर्षी ईगल करून मोकळं व्हायचं म्हणून आई एक्सेल शीट करते, बाबा बॅज काउन्सेलरला (बॅजचं काम तपासून सही देणारा) फोन करतात, आणि मुलगा फक्त सह्या गोळा करतो. अशा मुलाला एसपीएल म्हणून उभं केलं की कळतं, कारण त्याने कधी कोणाचं भांडण सोडवलेलं नसतं. जो सोळाव्या वर्षी लाइफला अडकलाय पण नव्या पोरांना गाठी शिकवत बसतो त्याच्याकडून ट्रूपला जास्त मिळतं आणि त्याला स्वतःलाही. कमिटीच्या हातात इथे बोर्ड ऑफ रिव्ह्यू असतो, म्हणजे रँक देण्याआधी मुलाशी बोलणारं छोटं मंडळ, तीन ते सहा जण, स्काउटमास्टर आणि असिस्टंट त्यात बसत नाहीत, मुलाचे आईबाबा तर नाहीतच. ती परत परीक्षा घ्यायची जागा नाही, गाठ मारून दाखव म्हणायचं नाही. ट्रूप तुला कसा वाटतोय, पेट्रोलमध्ये कोण एकटं पडतंय, मागच्या कॅम्पात काय आवडलं नाही, असं विचारा. बारा वर्षांची मुलं तिथे इतकं खरं बोलतात की ट्रूपमध्ये काय बिघडलंय ते स्काउटमास्टरच्या आधी बोर्डाला कळतं. आमच्याकडे एका पेट्रोलमध्ये चाललेली चिडवाचिडवी अशीच बाहेर आली होती.

पैशांचं फार लिहीत नाही. वर्षाचं बजेट करा, पॉपकॉर्न किंवा जे विकता ते मुलांनी विकावं, पालकांनी ऑफिसात नव्हे, आणि हिशोब दर महिन्याला कमिटीपुढे ठेवा. फी परवडत नाही असं एखादं घर असतंच, त्यांची सोय खजिनदाराने गुपचूप करावी, मुलाला पत्ताही लागू नये.

माणसं मिळवणं हे चेअरचं खरं पोटापाण्याचं काम. 'कोणी मदत करेल का' असा ग्रुपवर मेसेज टाकला की कोणीच येत नाही. एकेकाला गाठून नेमकं काम सांगा, सप्टेंबर ते मे हेल्थ फॉर्मची फाइल सांभाळशील का, एवढंच. मग येतात. जे बाबा कधी तंबूत झोपलेले नाहीत त्यांना इंट्रोडक्शन टू आउटडोअर लीडर स्किल्स हा शनिवार-रविवारचा कोर्स करायला पाठवा, भीती जाते, आणि वुड बॅज, म्हणजे मोठ्या लीडरांचं पुढचं ट्रेनिंग, नंतर सवडीने. तुम्हाला कॅम्पिंग येत नाही म्हणालात, चेअरला ते यायची गरजच नाही, पण वर्षातून एकदा तरी जाऊन राहा म्हणजे मुलं कशाबद्दल बोलतायत ते कळेल.

तर हो म्हणावं का? म्हणा, पण आधी तीन गोष्टी बघून. स्काउटमास्टरबरोबर एक तास एकटं बसा आणि त्याला काय हवंय आणि तो किती थकलाय ते समजून घ्या. बँकेचं खातं आणि मागच्या वर्षीचा हिशोब हातात मागा, आणि सगळ्या लीडरांचं मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग चालू आहे का त्याची यादी काउन्सिलकडून (आपल्या भागातलं स्काउटचं कार्यालय) काढा. ह्यात कोणी टाळाटाळ केली तर थांबा. सगळं नीट मिळालं तर दोन वर्षांची मुदत आधीच जाहीर करा आणि तुमच्यानंतर कोण, ते माणूस पहिल्या वर्षीच शेजारी बसवा, म्हणजे तुमच्यावर जी वेळ अचानक आलीय ती पुढच्यावर येणार नाही. आणि मुलाला सांगून ठेवा की मीटिंगमध्ये काही अडलं तर बाबांकडे यायचं नाही, आधी आपल्या पेट्रोल लीडरकडे जायचं. फक्त कोणी त्रास देत असेल किंवा भीती वाटत असेल तर थेट मोठ्यांकडे, कुठल्याही मोठ्याकडे, त्याला कुठलीच रांग नाही.

ट्रूप कुठल्या काउन्सिलमध्ये आहे ते लिहिलंत तर तिथे ट्रेनिंगच्या तारखा कुठे बघायच्या ते सांगते.