पाण्यात भिजल्यासारखी चित्रं आणि रोबोट, जुळतं का हे?

तुम्ही विचारलंय की 'डिसेंडर' हे कॉमिक वाचायला घेतलं, गोष्ट सगळी रोबोटची आणि चित्रं मात्र जलरंगातली, फिकट, पातळ, रंग कडेने पसरलेले, तर त्याचा चित्रकार डस्टिन न्यूएनची ही स्टाईल रोबोटला शोभते का, की रोबोट म्हटलं की कडक टोकदार रेषेचाच आर्टिस्ट पाहिजे. माझं मत विचाराल तर शोभते. मारामारीच्या पानांवर गडबड होते, त्यावर खाली येतो.

आधी हे सांगतो की मी गोव्यातल्या डिचोलीचा, त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत माझं डोकं जरा वेगळं चालतं. २०१२ मध्ये आमच्याकडच्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक, क्रशर, कन्व्हेयर जिथल्या तिथे उभे राहिले. दोन पावसाळे गेले आणि सगळ्यावर गंजाचे ओघळ आले, बोल्टच्या भोवती गडद तपकिरी आणि खाली येता येता फिकट नारिंगी होत जाणारे. मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या, खनिज वाहणाऱ्या बार्जच्या कडा बघा, तेच. म्हणजे आपल्याकडे लोखंडावर पाऊसच वॉश (पातळ रंगाचा हात) मारून जातो, चकचकीत क्रोमचा रोबोट मी फक्त खेळण्याच्या दुकानात बघितलाय. म्हणून २०१५ मध्ये सुरू झालेलं हे कॉमिक जेव्हा माझ्या हातात आलं (लेखक जेफ लेमायर) तेव्हा मला ती चित्रं अजिबात परकी वाटली नाहीत. त्यात तो टिम-२१ नावाचा पोरगा-रोबोट दहा वर्षांनी जागा होतो तो कुठे, तर ओसाड पडलेल्या खाणीच्या वस्तीवर! आणि त्याला भेटतो तो ड्रिलर, खाणकामाचा भलामोठा रोबोट. मी तर हसलोच, म्हटलं हा आमच्या गावचा.

आता स्टाईलचं. न्यूएन काय करतो, तर पेन्सिल-शाईची रेघ थोडी दिसू देतो, वर पातळ रंग, आणि कागद बराच पांढरा सोडतो. टिमचा चेहरा जवळजवळ कोराच असतो, दोन डोळे आणि गालावर जरासा रंग. शेजारी माणूस उभा असला तरी दोघांना तोच कागद, तेच पाणी. यात आर्टिस्टने बाजू घेतलीय असं मला वाटतं. त्या गोष्टीत नऊ ग्रहांवर हार्वेस्टर नावाचे नऊ अवाढव्य रोबोट येऊन संहार करून जातात आणि मग लोक सगळ्याच रोबोटांच्या जिवावर उठतात. अशा गोष्टीत रोबोट रूलरने आखलेला आणि माणूस हाताने काढलेला असता तर वाचकाने पहिल्याच पानावर ठरवून टाकलं असतं की आपला कोण आणि परका कोण. इथे ती सोयच नाही. आणि ते हार्वेस्टरसुद्धा धुक्यात अर्धे विरलेले म्हणूनच मोठे वाटतात, सगळे नटबोल्ट दाखवले असते तर मिक्सरएवढे वाटले असते. २०१६ चं आयझनर अवॉर्ड (कॉमिक्समधलं अमेरिकेतलं मोठं बक्षीस) न्यूएनला पेंटर म्हणून मिळालं ते काय उगाच नाही.

स्वतः करून बघा एकदा. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, ३०० जीएसएमच्या म्हणजे जाड, खरबरीत कागदावर भरपूर पाणी घेऊन सोडा आणि हात लावू नका. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून गोळा होतात, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर तो राखाडी डाग अगदी बिडाच्या तव्यासारखा दिसतो. मी कितीतरी दिवस बारीक पेनाने रेघा मारून मारून जे धातूपण आणायला बघत होतो ते पाण्याने दहा मिनिटांत आणलं, चीड आली खरं तर.

याचा अर्थ टोकदार रेषा वाईट असा मुळीच नाही. ब्रिटिश चित्रकार केव्हिन ओनीलचे रोबोट बघा, '२००० एडी' या तिकडच्या कॉमिक्स साप्ताहिकात त्याने जे काढलेत ते, खिळे, काटे, पोचे, सगळं टोचणारं. या माणसाची १९८६ ची ग्रीन लँटर्न या सुपरहिरोची एक गोष्ट अमेरिकेच्या कॉमिक्स कोडवाल्यांनी (कॉमिक्स तपासून शिक्का देणारी मंडळी) नामंजूर केली, का तर म्हणे त्याची स्टाईलच आक्षेपार्ह! पण त्याचे रोबोट लढायला बनवलेले, त्यांना ते शोभतं. टिम लढायला बनवलेला नाही, तो एका मुलाला सोबत म्हणून बनवलाय. जपानी चित्रकार तेजुकाची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' १९५२ मध्ये सुरू झाली, त्यातला अ‍ॅटम हा पोरगा-रोबोटही गोल गोलच ना, कोपरा म्हणून नाही कुठे, केसांची दोन टोकं सोडली तर.

मला हे खरं कळलं ते मात्र नरकासुरामुळे, म्हणजे गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या पुतळ्यामुळे. एका दिवाळीला आमच्या वाड्यावरच्या पोरांनी रोबोट-नरकासुर करायचं ठरवलं. थर्मोकोलचे ठोकळे, वर चंदेरी कागद, दंडाला मोटर, सगळं एकदम शार्प. रात्री लाईट मारली आणि शेजारचे एक काका बघून म्हणाले, "हो नरकासूर न्हय रे, फ्रीज!" सगळे खिदळले, पण बरोबर होतं त्यांचं, वजनच वाटत नव्हतं. मग रात्री अकराला गॅरेजातून जळकं ऑइल आणलं, घरातला गेरू पाण्यात कालवला आणि फडक्याने सांध्यांवर, काखेत, गुडघ्यामागे थापला, खाली ओघळू दिला. तासाभरात तोच फ्रीज असा जड दिसायला लागला की पोरं आपोआप चार पावलं मागे उभी राहायला लागली. पहाटे जाळताना वाईट वाटलं.

आता मारामारी. रोबोट जेव्हा हात उगारतो तेव्हा कोपर कुठे वळतं, खांद्याची बिजागरी कुठली, हे दिसलं पाहिजे, नाहीतर ठोसा कोणाला बसला तेच कळत नाही. न्यूएनच्या काही पानांवर माझं असं झालं, दोनदा मागे जाऊन बघावं लागलं की फुटलं ते कोण. तिथे रेघच पाहिजे, पाणी कामाचं नाही. पण गोष्टीत शांत पानं जास्त आहेत, रोबोट नुसता बसलाय, विचारतोय, वाट बघतोय अशी, म्हणून एकूण हिशेब त्याच्याच बाजूने लागतो.

पहिला व्हॉल्यूम 'टिन स्टार्स' संपवा आणि मग ड्रिलरची पानं परत काढून फक्त त्याचे सांधे बघा, रंग कुठे थांबलाय आणि कुठे ओघळलाय ते. आणि स्वतः काढून बघणार असाल आणि गोव्यातच असाल तर चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ द्या, जुलैत कागद वाळत नाही, माझा एक रोबोट तीन दिवस ओला होता आणि चौथ्या दिवशी त्याला बुरशी आली.