लेझर पेन उघडू का? उघड, पण अर्धाच

प्रश्न : काका, आकाशदर्शनाला तारे दाखवायला हिरव्या लेझरचा पेन घेतला होता. मध्यंतरी वेल्ह्याला ग्रुप घेऊन गेलो तेव्हा हातातून सटकला आणि खडकावर आपटला. आता लागतो कधी, कधी लागतच नाही आणि लागला तरी ठिपका एकदम मिणमिणता. दुकानदार म्हणतो फेकून दे. मला सोल्डरिंग येतं, घरी मल्टिमीटर आहे, तर स्वतः उघडू का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : सोल्डरिंग येतं हे चांगलंय रे, पण इथे प्रश्न हाताचा नाही, डोळ्याचा आहे.

आधी बाहेरचं सगळं बिनधास्त बघ. मागचं झाकण काढ, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसलं तर सेल गळलाय, ते बारीक पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. सेल काढून मल्टिमीटरने बटनाची कंटिन्युइटी बघ, म्हणजे दाबल्यावर जोड पूर्ण होतो का ते, कधी लागतो कधी नाही म्हणजे बरेचदा बटन नाहीतर स्प्रिंगच असते, आणि तसं छोटं बटन तापकीर गल्लीत शोधलंस तर मिळून जाईल. दुसरं म्हणजे रिचार्जेबल सेल घातलेत का? ते 1.2 व्होल्टचे असतात, म्हणजे दोन मिळून 2.4 च होतात, 3 नाही, तेवढ्यावर काही पेन नीट चालतच नाहीत. आणि थंडी! हिरवे लेझर गारठले की मंद होतात, वेल्ह्याला डिसेंबरच्या रात्री तर हमखास. दुपारी घरात नवे अल्कलाइन सेल घालून लावून बघ, झगझगीत लागला तर तुझं काम झालं.

नाही लागला तर मात्र पितळी नळीसारखं जे मोड्यूल आहे त्याला हात लावू नकोस. कारण सांगतो. अशा बहुतेक पेनांत हा हिरवा रंग थेट तयार होत नाही, आत एक डायोड 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड सोडतो, पहिला क्रिस्टल त्याचा 1064 करतो आणि दुसरा त्याचा 532 म्हणजे आपला हिरवा. आपटून क्रिस्टल जरासा जरी हलला तरी हिरवा मंद होतो, पण डायोड आत पहिल्यासारखाच जोरात चालू असतो. ठिपका मिणमिणता आहे म्हणून प्रकाश कमी झाला असं समजून माणूस नळीत डोकावतो, इथेच घात होतो. इन्फ्रारेड दिसत नाही त्यामुळे पापणीही मिटत नाही, आणि रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, भाजताना दुखतसुद्धा नाही. तो अडवायला पुढे एक छोटा फिल्टर असतो, स्वस्त पेनात कधी कधी तोही नसतो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी प्रयोगशाळेत 10 मिलिवॅट लिहिलेला एक स्वस्त पेन तपासला होता, हिरवा उजेड नावाला आणि इन्फ्रारेड जवळपास 20 मिलिवॅट!

व्हिडिओतले लोक गॉगल घालतात ते बघून साधा गॉगल चढवशील तर काही उपयोग नाही. हिरवा अडवणारा लेझरचा चष्मासुद्धा 808 अडवेलच असं नाही. आणि ड्रायव्हरवरचा, म्हणजे डायोडला करंट देणाऱ्या सर्किटवरचा, करंट कमीजास्त करणारा तो इवलासा स्क्रूवाला पॉट, तो फिरवून उजेड वाढवायचा मोह होतोच, तोही नको, एकतर डायोड उडेल नाहीतर पेन आणखी धोक्याचा होईल. विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरने पोरांच्या डोळ्यांचं काय झालं ते पुण्याने बघितलंय, 2024 ला पोलिसांना बंदी घालावी लागली ती काय उगाच नाही.

तर मोड्यूल गेलं असेल तर दुकानदाराचं ऐक. सेल काढून पेन ई-कचऱ्यात दे, घरात पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नकोस. नवा घेताना 5 मिलिवॅटच्या आतला बघ, तारे दाखवायला तेवढा पुष्कळ होतो, लांबच्या रांगेतल्या माणसालाही रेघ दिसते. फक्त लोहगावला उतरणारं विमान दिसलं की बटन सोड.