जुनी टेन-ट्वेंटीटू रायफल घेतलीय, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही टेक्सासात सॅन अँटोनियोजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे. शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला चाललेत, त्यांच्याकडून रूगर कंपनीची १०/२२ सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल १५० डॉलरला घेतली. मॅन्युअल नाही, आतून काळीकुट्ट. रेंजवर नेली तर दर चार-पाच गोळ्यांनी रिकामी पुंगळी अडकते. मित्र म्हणतो बॅरल म्हणजे नळी बदल, भारीतला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लाव. घरी साफ करता येते का? आईने विचारलंय खोबरेल तेल चालेल का, आणि तिला ती खंडेनवमीला पूजेत पण ठेवायचीय.

उत्तर : आधी मित्राला चहा पाजा आणि गप्प बसवा. एक पैसा खर्च करू नका. ही रायफल १९६४ पासून बनतेय, अमेरिकेत अशा लाखो रायफली कपाटांत पडून आहेत आणि त्यातल्या बहुतेकींचं दुखणं एकच, पॉइंट टू टूची (या रायफलीच्या बारीक गोळीचं माप, ०.२२ इंच) घाण. ही गोळी फार मळकट असते, शिशावर मेणासारखा थर, त्यात जळलेली पावडर, सगळं मिळून बोल्टवर (गोळीच्या मागे पुढेमागे सरकणारा लोखंडी ठोकळा) काजळीचं किटण बसतं. शेजारच्या आजोबांनी वीस वर्षं नुसतं वरून फडकं मारलं असणार.

मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, ते प्रिंट काढून टेबलावर ठेवा, मी सांगतोय त्यात आणि त्यात फरक पडला तर त्यांचं ऐका.

सुरुवात मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढण्यापासून. मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही, करंगळी घालून चाचपायचं. हे मुद्दाम सांगतोय कारण या रायफलीचा बोल्ट शेवटची गोळी सुटल्यावर आपोआप उघडा राहत नाही, बंद होतो, त्यामुळे "बंद आहे म्हणजे रिकामी" किंवा "भरलेली" असा काहीच अंदाज बाहेरून येत नाही. आणि साफ करायच्या खोलीत काडतुसं नकोतच, ती दुसऱ्या खोलीत ठेवून या.

आता खोलायची. लाकडी दांड्याच्या पुढच्या टोकाला बॅरलभोवती पट्टी असेल तर तिचा स्क्रू सैल करून ती पुढे सरकवा, मग मॅगझिनच्या पुढे खालून एकच मोठा स्क्रू आहे तो काढा. आणि इथे सगळे अडकतात, स्क्रू निघाला तरी रायफल दांड्यातून सुटत नाही, लोक जोर लावतात आणि लाकडाला चीर पाडतात. कारण सेफ्टीचं बटण आडवं आहे, ते एका बाजूला बाहेर आलेलं असतं. ते बोटाने ढकलून बरोब्बर मध्यावर आणा (त्यासाठी हॅमर, म्हणजे आतला ठोका मारणारा हातोडा, चढलेला लागतो, म्हणजे बोल्ट एकदा मागे ओढून सोडलेला), की बॅरल धरून उचललं की अलगद वर येतं, इडलीपात्रातून इडली निघावी तसं.

दोन आडव्या पिना ढकलल्या की ट्रिगरचा सगळा भाग एकत्र खाली येतो. या पिना जुन्या रायफलीत एवढ्या सैल असतात की हलवली तरी पडतात, म्हणून खाली जुना पांढरा टॉवेल अंथरा. माझी एक पिन पहिल्याच वेळी फ्रीजखाली गेली, ती तीन महिन्यांनी दिवाळीच्या साफसफाईत सापडली, तोपर्यंत मी नवीन मागवलेली. मागची जाडी पिन काढली की बोल्टचं हँडल पूर्ण मागे ओढून धरायचं आणि बोल्ट उचलून बाहेर काढायचा. पहिल्यांदा करताना तिसरा हात हवा होता असं वाटेल. स्प्रिंगला जोर असतो, चष्मा घाला.

खरं काम या बोल्टचं आहे. त्याच्या तोंडाकडे बघा, एका कडेला हुकासारखा बारीकसा आकडा दिसेल, तोच पुंगळीची कड धरून तिला चेंबरबाहेर ओढतो. त्या आकड्याखाली काजळी घट्ट बसली की पकड सुटते आणि पुंगळी अडकते. तुमची तक्रार बहुतेक तिथलीच आहे. सॉल्व्हंटचे (काजळी सैल करणारं द्रावण) दोन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, दात घासायचा जुना ब्रश आणि टूथपिक, आणि मग जे काळं निघेल ते बघून तुम्हाला स्वतःचीच कीव येईल. मी हॉप्स नंबर नाइन हे सॉल्व्हंट वापरतो, वास उग्र आहे पण मला आवडतो, बायकोला नाही, म्हणून हे काम गराजचं दार उघडं ठेवून. लाकडाच्या पॉलिशवर ते सांडू नका. चेंबरच्या तोंडालाही तोच ब्रश.

बॅरलला मात्र जरा हलकं घ्या. रिसीव्हरची (बोल्ट ज्या पेटीत बसतो ती) मागची बाजू बंद आहे, त्यामुळे सळई मागून घालता येत नाही, आणि पुढून लोखंडी सळई खुपसली की नळीच्या तोंडाची कड झिजते, नेम तिथेच बिघडतो. त्यापेक्षा दोरीवाला ब्रश घ्या, चेंबरकडून टाकून पुढून ओढायचा, दोन-तीनदा बास. पॉइंट टू टूच्या नळ्या गोळ्यांनी कमी आणि अति सफाईने जास्त खराब होतात असं माझं मत आहे.

तेलाबद्दल. आईंना सांगा, खोबरेल नको. ते २४-२५ डिग्रीखाली थिजतं, तुमच्याकडच्या जानेवारीत बोल्ट हलायचा नाही, शिवाय जुनं झालं की चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल मात्र अडीनडीला खुशाल चालतं, पातळ मिनरल ऑइलच ते. बोल्ट जिथे घासतो तिथे एक-एक थेंब, बाकी कोरडं. तेल जास्त झालं की पुढची काजळी त्यातच कालवली जाते.

परत जोडताना हॅमर मागे चढवलेला ठेवा, नाहीतर ट्रिगरचा भाग बसत नाही. सगळं बसलं की रिकाम्या रायफलीवर, तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, काही व्हायला नको. सेफ्टी काढून ओढा, टक. ट्रिगर तसाच दाबून ठेवून बोल्ट मागे ओढून सोडा, मग ट्रिगर हळू सोडा, बारीक क्लिक ऐकू यायला हवी. नाही आली तर गनस्मिथकडे, स्वतः ट्रिगर उघडत बसू नका.

एवढं करूनही अडकली तर गोळी बदलून बघा. ही रायफल गोळीच्या धक्क्यावरच बोल्ट मागे ढकलते, धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्यातून परत येतो. सीसीआय कंपनीची मिनी-मॅग ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला १२३५ फूट, त्याच कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० फूट. मळलेल्या रायफलीत हा फरक जाणवतो. आणि मॅगझिन दुसरं लावून बघा, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन आहे, आत कचरा गेला की तेच नखरे करतं.

स्कोप घेतलात तर साधा घ्या. आधी २५ यार्डांवर गोळ्या निशाणाच्या कागदावर आणा, मग ५० वर. स्कोपवर पाव एमओए (कोनाचं माप, नेम सरकवायच्या चकतीची एक क्लिक तेवढी) लिहिलं असेल तर ५० यार्डांवर एक क्लिक म्हणजे इंचाचा आठवा भाग, गोळ्या दोन इंच खाली लागत असतील तर सोळा क्लिक वर. तीन गोळ्या मारून क्लिक करा, एकेका गोळीमागे फिरवत बसलात तर संध्याकाळपर्यंत तिथेच. सफाईनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांचा नेम भरकटतो, त्या मोजू नका. कानाला, डोळ्याला संरक्षण, आणि घरी येऊन जेवणाआधी साबणाने हात, शिसं आहे ते.

घरात मुलं असतील तर कुलपाचं कपाट आधी, स्कोप नंतर. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर तो गुन्हा आहे. आजोबांबरोबर सिरियल नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला कागद केला नसेल तर ते जायच्या आत करून घ्या.

प्रश्न : मी डॅलसला एच-वन-बी व्हिसावर आहे. रूममेट ग्रीन कार्डवाला आहे, त्याच्या रायफलीने रेंजवर दोन राउंड मारले तर काय बिघडतं?

उत्तर : बिघडतं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर मित्राची हातात घेणं हेही त्यातच येतं. अपवाद आहेत, सगळ्यात नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते रीतसर काढा, खिशात ठेवा, शंका असेल तर वकिलाला विचारा, मग जा. दोन राउंडसाठी ग्रीन कार्डाची फाइल पणाला लावणारे मी बघितलेत, हौस म्हणून.

प्रश्न : राधानगरीहून. आमच्या तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं, त्याची पण हीच रायफल का?

उत्तर : गोळी तीच, पॉइंट टू टू लाँग रायफल, ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून नेम मारायची स्पर्धा) तीच चालते. रायफल मात्र वेगळी, तिथे प्रत्येक गोळी हाताने भरायची, सेमी-ऑटो नाही. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने ४५१.४ गुण मारले, गोळी एकेक, बोल्ट एकेकदा. आमच्या सॅन अँटोनियोवाल्यांनी पण पहिल्या पन्नास गोळ्या तशाच एकेक भरून माराव्यात, दहा गोळ्या फटाफट उडवल्या की फक्त आवाज होतो.

आणि हो, खंडेनवमीचं राहिलं. पूजा जरूर करा, मॅगझिन काढून, बोल्ट उघडा ठेवून. हळदकुंकू लाकडी दांड्याला लावा, ओलं कुंकू लोखंडावर नको. आईंनी लावलंच तर संध्याकाळी पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा.